मदत हवी आहे: एचपीएलसीवर (शुद्धता मोजायची चाचणी) ९९.९ टक्के, तरी ब्रोमिन जाईना (ओएलईडी इंटरमिजिएट, म्हणजे मधल्या टप्प्याचा माल)

मंडळी, नमस्कार. गोकुळ शिरगावात आमचं छोटं युनिट आहे. मूळ काम फार्माचं. अलीकडे ओएलईडी पडद्यांच्या मटेरियलसाठी ९-फिनाइलकार्बाझोल-३-बोरॉनिक ॲसिड घेतलंय. कोल्हापुरात फाउंड्रीवाले पैशाला पासरी, पण या कामातला जाणकार सापडेना, म्हणून इथं विचारतोय.

रूट नेहमीचाच. फिनाइलकार्बाझोलवर एनबीएसनं (ब्रोमिन देणारं रसायन) ब्रोमिनेशन, मग कोरड्या टीएचएफ द्रावकात उणे ७८ अंशांना एन-ब्युटिल लिथियम, त्यावर ट्रायआयसोप्रोपाइल बोरेट, शेवटी ॲसिड. तरी लॉट नापास! गिऱ्हाइकाच्या कम्बशन आयसीत (नमुना जाळून त्यातले आयन मोजायची चाचणी) एकूण ब्रोमिन ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग), त्यांची मर्यादा १०. फार्मात हा आकडा आम्हाला कुणी विचारला नव्हता. इथं पडदा चालू असताना कार्बन-ब्रोमिन बंध तुटतो आणि पिक्सेलचं आयुष्य घटतं, त्यामुळं त्यांचा हट्ट रास्तच आहे. टोल्युइनमधून पुन्हा क्रिस्टल काढले, आकडा जागचा हलत नाही.

दुसरं म्हणजे, शिवाजी विद्यापीठात एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) काढला तर जादा पीक दिसतात. तीही अशुद्धीच का?

प्रतिसाद:
दादा, आधी ब्रोमिन कुठल्या रूपात आहे ते बघा. माल इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळवून पाण्यानं हलवा आणि ते पाणी साध्या आयसीवर घाला. ब्रोमाइड आलं तर लिथियम ब्रोमाइड राहिलंय, धुणं वाढवा.

पाणी स्वच्छ निघालं तर माझा संशय ३,६-डायब्रोमोवर, म्हणजे दोन ब्रोमिन बसलेल्या फिनाइलकार्बाझोलवर. त्याची एकच बाजू लिथिएट झाली (ब्रोमिन जाऊन लिथियम बसलं) की ६-ब्रोमो बोरॉनिक ॲसिड तयार होतं, आणि ते तुमच्या मालाला चिकटूनच क्रिस्टल होतं. त्यात ब्रोमिन वजनानं साधारण २२ टक्के. म्हणजे ४० पीपीएमला ही भानगड जेमतेम ०.०१८ टक्के पुरते, एचपीएलसीच्या ९९.९ मध्ये ती सहज लपते. बोरॉनिक ॲसिड झाल्यावर हे काढत बसू नका, ब्रोमो स्टेजलाच (ब्रोमिनेशन झाल्या झाल्या) काढा. एनबीएस एका इक्विव्हॅलंटपेक्षा (रेणूमागं एक रेणू) किंचित कमी घाला. थोडं फिनाइलकार्बाझोल उरेल, पण त्यात ब्रोमिन नाही आणि ते नंतर हेक्झेननं धुऊन जातं.

एनएमआरचं टेन्शन नको. ओव्हनमध्ये पाणी उडून बोरॉक्झिन (तीन बोरॉनिक ॲसिड जोडून झालेलं कडं) झालं असेल. डीएमएसओ द्रावकातल्या नमुन्यात थेंबभर डी२ओ (जड पाणी) टाका, पीक एक झाले तर तेच.

धागाकर्ता:
आभारी आहे. ब्रोमो स्टेजच्या जुन्या क्रोमॅटोग्राममध्ये (एचपीएलसीचा आलेख) मागं एक बारका पीक आहे खरा, आम्ही तो कधी इंटिग्रेटच केला (मोजलाच) नव्हता. डायब्रोमोचं स्टँडर्ड मागवतो. पाण्याची चाचणी उद्याच लावतो, निकाल इथंच टाकेन.