तलावपाळीचा काठ फिरवला की गेम बंद पडतो

कळव्याचा_अम्या:
नमस्कार मंडळी. पायथन आणि त्याची गेम बनवायची लायब्ररी पायगेम, यांच्यावर घरच्या घरी एक गेम करतोय. जागा आपली ठाण्याची तलावपाळी: मधलं शंकराचं देऊळ, होड्या, एका बाजूला गडकरी रंगायतन. नकाशा टाइल्ड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलाय, ८० बाय ६० चौकोनी तुकड्यांचा, एकेक तुकडा म्हणजे टाइल १६ पिक्सेलची. आमच्या घरी तिला लादीच म्हणतात, कारण बाबा लाद्या बसवायची कामं घेतात.

आळस असा केला की काठाच्या तीनच लाद्या काढल्या: सरळ कड, बाहेरचा कोपरा, आतला कोपरा. बाकीच्या नऊ टाइल्डमध्ये झेड दाबून फिरवल्या. तिथे झकास दिसतं (फोटो जोडलाय). गेम चालू केला की एरर: लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज, म्हणजे यादीत नसलेला नंबर मागितला! टाइल्डने सेव्ह केलेली नकाशाची जेसॉन फाइल उघडली तर कोपऱ्याची लादी २३ नंबरची, आणि फिरवलेल्या जागी २६८४३५४५८३. माझ्याकडे सगळ्या मिळून लाद्या ६४. फाइल बिघडली असं समजून दोनदा अख्खा नकाशा नव्याने रंगवला. पुन्हा तेच आकडे.

नेरूळवाला:
फाइल ठणठणीत आहे रे. लादी कशी वळवली तेसुद्धा टाइल्ड त्याच आकड्यात कोंबतो. आडवी उलटली की नंबरात २१४७४८३६४८ मिळवतो, उभी उलटली की १०७३७४१८२४, कर्णावर उलटली की ५३६८७०९१२. उजवीकडे पाव वळसा म्हणजे कर्ण अधिक आडवी. त्या दोघांची बेरीज करून वर तुझे २३ टाक. आला ना तोच आकडा?

मूळ नंबर हवा तर २६८४३५४५६ ने भाग आणि बाकी घे. ० म्हणजे रिकामी जागा आणि लाद्या १ पासून, म्हणून तुझ्या लिस्टमधला इंडेक्स २२. मग चित्र वळव, पण आधी कर्ण, नंतर आडवं-उभं. हा क्रम चुकला की कोपरे भलतीकडे तोंड करून बसतात. माझा एक रविवार त्यात गेलाय. पायगेममध्ये कर्णाचं वेगळं फंक्शन नाही. रोटेटने ९० अंश फिरवायचं आणि फ्लिपने उभं उलटायचं, की झालं. आणि हे दर फ्रेमला नको, नकाशा उघडतानाच एकदा करून ठेव.

बिनकामाचा_इंजिनिअर:
नकाशा टीएमएक्समध्ये, म्हणजे टाइल्डच्याच फाइल प्रकारात, सेव्ह कर आणि पायटीएमएक्स लायब्ररी वापर. ती हे सगळं बघून घेते.

वर्तकनगरची_ताई:
कोड जमेल, पण फोटो बघ जरा. मूळ कडेवर तू उजेड वरून डावीकडून घेतलायस. तीच लादी फिरवून समोरच्या काठाला लावलीस, तर तिथे उजेड खालून आल्यासारखा दिसतो. त्यामुळे खालचा काठ पाण्यावर तरंगतोय. फिरवणं गवताला, पाण्याला चालतं. दगडी काठाला नाही. उजेड सरळ डोक्यावरून घे, मग डावी-उजवी आडवी उलटून भागेल. वरच्या आणि खालच्या मात्र वेगळ्याच काढ. कडा तीन, बाहेरचे कोपरे दोन, आतले दोन. बाराऐवजी सात.

कळव्याचा_अम्या:
नेरूळवाले, चाललं! अर्थात पहिल्यांदा क्रम चुकलाच, देवळाचे दोन कोपरे आत वळले होते. पायटीएमएक्स पुढच्या वेळी. यावेळी आकडे स्वतः सोडवायची खुमखुमी आली होती.

ताई, काय सांगू, बाबा परवाच मागे उभं राहून म्हणाले होते, "पलीकडची लाइन उलटी बसवलीस." मला वाटलं, त्यांना गेममधलं काय कळतंय. आज सात लाद्या नव्याने काढून दाखवल्या. चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "आता बरंय. पण देवळाकडचा कोपरा गुण्यात नाही, सूतभर बाहेर आलाय."

मोजलं. एक पिक्सेल बाहेर होता.