सायलेंट इन्स्टॉलनंतरची साफसफाईची स्क्रिप्ट निम्म्या मशीनवर चालतच नाही

लॅबवाला
नमस्कार मंडळी, लॅबमधे 24 पीसी आहेत, सगळ्यांवर विंडोज 11 नव्याने टाकतोय. पेनड्राइव्हवर ऑटोअनअटेंड.एक्सएमएल (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच भरलेली आन्सर फाइल) ठेवलीय, इन्स्टॉल हात न लावता होतं, ते झकास. नंतर ड्रायव्हरचं फोल्डर उडवायला आणि सॉलिटेअर, एक्सबॉक्स वगैरे कचरा काढायला सेटअपकम्प्लीट.सीएमडी लिहिली, म्हणजे सेटअप संपला की विंडोज स्वतःहून चालवतं ती बॅच फाइल. असेंबल केलेल्या 10 पीसींवर चालते, ब्रँडेड 14 वर चालतच नाही, एरर पण नाही काही. पेनड्राइव्ह तोच! आणि जिथे चालते तिथे फोल्डर जातं पण सॉलिटेअर ठाण मांडून बसलेलंच. दोन दिवस डोकं खातोय हा प्रकार.

बॅचफाइल_बाबा
स्क्रिप्ट बरोबरच असणार तुझी. ब्रँडेड मशीनच्या बायोसमधे ओईएम की (पीसी बनवणाऱ्या कंपनीने घातलेली विंडोजची लायसन की) असते, सेटअप ती आपोआप उचलतो, आणि ओईएम लायसन दिसलं की विंडोज ही फाइल मुद्दाम चालवत नाही, एंटरप्राइझ एडिशन सोडून. सी ड्राइव्ह, विंडोज, पँथर, अनअटेंडजीसी या फोल्डरमधे सेटअपअ‍ॅक्ट.लॉग बघ, तिथे सरळ लिहिलेलं असतं. उपाय म्हणजे तेच काम आन्सर फाइलमधे ओओबीई सिस्टीम पासच्या (सेटअपचा शेवटचा टप्पा) फर्स्टलॉगॉनकमांड्समधे टाक, सोबत ऑटोलॉगॉन (आपोआप लॉगिन) दे, काउंट 1 म्हणजे एकदाच. पहिल्या लॉगिनला एकदाच चालतं, लॉगिन अ‍ॅडमिनचं असलं की अ‍ॅडमिन हक्कांनी.

लॅबवाला
अरे हो की! ओईएम लायसन सापडलं म्हणून चालवणार नाही असं लॉगमधे स्पष्ट लिहिलंय 🤦 आणि सॉलिटेअरचं काय?

पॉवरशेलवाली
ते वेगळं प्रकरण आहे. सेटअपकम्प्लीट चालते सिस्टीम अकाउंटखाली (विंडोजचं स्वतःचं अंतर्गत अकाउंट), म्हणजे तू जी नुसती रिमूव्ह-अ‍ॅपएक्सपॅकेज ही अ‍ॅप काढायची पॉवरशेल कमांड दिली असशील ती त्या सिस्टीम युजरपुरतं बघते, त्याच्याकडे कुठलं आलंय सॉलिटेअर. तिथे रिमूव्ह-अ‍ॅपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज वापर, सोबत ऑनलाइन स्विच (इंटरनेट नव्हे, चालू असलेलं विंडोज), म्हणजे पुढे बनणाऱ्या प्रत्येक युजरला ते अ‍ॅप मिळणारच नाही. पण फर्स्टलॉगॉनमधे आलास की पहिल्या युजरला अ‍ॅप मिळून गेलेलं असतं, मग दोन्ही कमांड लागतील. रजिस्ट्रीत करंट युजरखाली काही लिहीत असशील तर तिथेही हाच घोळ, त्याला डिफॉल्ट युजरची (नवीन युजर ज्यावरून बनतात तो साचा) एनटीयुजर.डॅट ही रजिस्ट्री फाइल रेग लोड कमांडने उघडून त्यात लिहायचं.

जुना_खेळाडू
विंडोज एक्सपीच्या वेळी विननट.सिफ (तेव्हाची आन्सर फाइल) आणि सीएमडीलाइन्स.टीएक्सटी (कमांडची यादी) घेऊन आम्ही हेच करत बसायचो, सेटअपची 12 मिनिटं उरली की कमांड सुटायच्या आणि सगळे स्क्रीनकडे डोळे लावून, असो. दोन गोष्टी सांगतो. सेटअपकम्प्लीटमधे शटडाउन-आर (रीस्टार्टची कमांड) कधी टाकू नका, मशीन अर्धवट लटकतं. आणि अनअटेंड फाइलची एखादी कॉपी सी ड्राइव्हवर राहिली असेल तर ती पण उडवा, पासवर्ड लपवलेला दिसतो पण ते नुसतं बेस64 असतं, म्हणजे अक्षरं बदलून लिहिलेलं, कुलूपबंद नाही, लॅबमधलं कुठलंही पोरगं मिनिटात उलगडेल. फक्त ही डिलीटची ओळ सगळ्यात शेवटी हं, स्क्रिप्टने स्वतःचं फोल्डर मधेच उडवलं की बॅच फाइल सापडत नाही म्हणून तिथेच थांबते, पुढच्या ओळी राहून जातात.

लॅबवाला
हे शेवटचं तर मी केलंच होतं, डिलीटची ओळ मधेच होती 😅 एका ब्रँडेड पीसीवर करून बघितलं, फोल्डर गेलं, सॉलिटेअर पण गेलं. उरलेले 13 उद्या.