शब्दचर्चा: 'दिशा' हा एकच रकाना पुरेल का?

प्रश्न: बस, लोकल आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँच एकाच नकाशावर दाखवायच्या आहेत. माहिती तीन वेगळ्या सिस्टिममधून येते. सामायिक शब्दावलीत 'दिशा' एवढंच ठेवलं तर चालेल का?

दर्यावर्दी: नाही चालणार. एआयएसमध्येच, म्हणजे जहाजं आपलं स्थान आणि वेग रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेतच, दोन मोजमापं आहेत. हेडिंग म्हणजे जहाजाचं तोंड कुठे आहे, आणि कोर्स म्हणजे ते प्रत्यक्षात कुठे सरकतंय. बंदरात नांगरलेलं जहाज भरती-ओहोटीबरोबर तोंड फिरवतं, पण जागा सोडत नाही. अशा वेळी हेडिंग खरं असतं. कोर्स मात्र जीपीएसच्या बारीक चुकांमधून उपजतो आणि त्याला काही अर्थ नसतो. दोन्ही एका रकान्यात घातले की बाण गरगरत राहतो. मी पहिल्याला 'रोख' म्हणेन, दुसऱ्याला 'गतिदिशा'.

डेपोकर: लोकलसाठी तिसरा शब्द लागेलच. अप-डाउन अंशांत मोजत नाहीत. सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे जाते ती अप, मग रूळ कसेही वळोत. त्याला 'फेरीदिशा' म्हणा. बसचा गुंता वेगळा आहे: जीटीएफएस-रिअलटाइम म्हणजे गाड्यांची ताजी स्थिती पाठवायचा ठरीव नमुना; त्याच्या 'बेअरिंग' रकान्यात होकायंत्राची दिशाही चालते आणि पुढच्या थांब्याकडची दिशाही. माहिती देणाऱ्याला विचारा, तो यातलं काय पाठवतो, आणि उत्तर व्याख्येतच लिहून ठेवा.

दर्यावर्दी: व्याख्येत 'माहिती नाही' कसं लिहायचं तेही हवं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एआयएसमध्ये हेडिंग नसेल तर 511 येतो, आणि लहान बोटींकडून तो बऱ्याचदा येतो. कोणी 360 वजा करून तो वर्तुळात बसवला की 151 उरतात, आणि बोट कायम एकाच कोनात दिसते. कोर्स नसेल तर 360.0 येतो, तो शून्य धरला की बोट उत्तरेला निघाली असं वाटतं. वेग नसेल तर 102.3 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 189 किलोमीटर! आधी हे आकडे गाळा, मगच एकक बदला. जीटीएफएस-रिअलटाइमला वेग मीटर प्रतिसेकंदात लागतो. 1 नॉट म्हणजे 0.514.

डेपोकर: 'वेळ' शब्दाचंही तेच. स्थान मोजल्याची वेळ आणि माहिती पोचल्याची वेळ असे दोन रकाने ठेवा, दोन्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. एकीकडे भारतीय वेळ आली तर सगळ्या स्थानांच्या वेळा साडेपाच तासांनी सरकतात.