मदत हवी आहे: वळणाच्या सुरुवातीला व्हर्साइन शून्य का येत नाही?

मंडळी, सर्व्हेइंगच्या अभ्यासात एका गणितापाशी घोडं अडलंय.

वळणाची त्रिज्या 500 मी., आणि सरळ मार्गापासून वर्तुळाकार भागापर्यंत 60 मी. ट्रान्झिशन. बाहेरच्या रुळाला 20 मी.ची दोरी ताणून लावायची, मधोमध रूळ आणि दोरी यांतलं अंतर (व्हर्साइन) मोजायचं, मग 10 मी. पुढे. वर्तुळात जीवेचा वर्ग भागिले आठ त्रिज्या, म्हणजे 100 मिमी. इथवर पटलं. ट्रान्झिशनमध्ये वक्रता एकसारखी वाढत जाते, मग 0, 17, 33, 50, 67, 83, 100 असं यायला हवं ना? उत्तरात मात्र सुरुवातीला 3 आणि शेवटी 97 दिलंय. छपाईची चूक म्हणावी, तर दोन्ही टोकांना नेमका सारखाच फरक!

आणखी एक. 67 च्या जागी 75 भरलं, तर तेवढाच रूळ 8 मिमी आत सरकवून भागेल का?

प्रतिसाद १

उत्तर बरोबर आहे. पहिल्या खुणेवर दोरी निम्मी सरळ मार्गावर असते, निम्मी ट्रान्झिशनवर. तिचं पुढचं टोक 10 मी.वर सरळ रेषेपासून 5.6 मिमी आत वळलेलं असतं (अंतराचा घन भागिले 6 × त्रिज्या × ट्रान्झिशनची लांबी). मध्यावर त्याच्या निम्मं, 2.8. दुसऱ्या टोकाला तेवढंच कमी पडतं.

रूळ सरकवण्याचं म्हणाल, तर नाही भागणार. एक खूण 8 मिमी आत घेतली की शेजारच्या दोन्ही 4 नी वाढतात: 50 चे 54, 83 चे 87. सगळ्या व्हर्साइनची बेरीज हलत नाही, कारण ती दोन्ही बाजूंच्या सरळ मार्गांमधल्या कोनाने ठरलेली असते. म्हणूनच बाकी सगळे आकडे तंतोतंत आणि एकच 8 नी जास्त असेल, तर माझा पहिला संशय मोजणीवर. दोरी पुन्हा लावा, मग पहारीला हात घाला.

प्रतिसाद २

पुस्ती जोडतो. मोजलेल्या आणि हव्या असलेल्या व्हर्साइनमधल्या फरकांची चढती बेरीज करा, त्या बेरजेची पुन्हा चढती बेरीज, आणि तिची दुप्पट. प्रत्येक खूण किती सरकवायची ते मिळतं (बेरजा एक घर सरकवून मांडायच्या, तिथे हमखास गोंधळ होतो). वळण संपताना दोन्ही बेरजा शून्य यायलाच हव्यात. मध्ये पूल असेल तर तिथेही सरकवणं शून्य धरून हवे असलेले आकडे बदलावे लागतात. खरी डोकेफोड तिथेच.

धागाकर्ता

धन्यवाद! 5.6 चं निम्मं पाहिल्यावर उलगडा झाला. पुलाचं एखादं सोडवलेलं उदाहरण कुणी टाकेल का?