‘युद्ध नको’ म्हणून विल्सनना मत दिलं, मग पाच महिन्यांत अमेरिका लढायला कशी उतरली?

वर्गशिक्षिका_इंदूर

नमस्कार मंडळी. मी इंदूरला नववी-दहावीला सामाजिक शास्त्र शिकवते. पहिल्या महायुद्धातली अमेरिका पुस्तकात दोन-तीन वाक्यांत उरकते: जर्मन पाणबुडीनं लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडवली, अमेरिका चिडली, १९१७ मध्ये युद्धात आली. मी वर्गात थोडं पुढे जाऊन सांगितलं की नोव्हेंबर १९१६ मध्ये वुड्रो विल्सन दुसऱ्यांदा निवडून आले ते ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ या प्रचारावर, आणि ६ एप्रिल १९१७ ला त्यांच्याच सहीनं युद्ध जाहीर झालं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मॅम, मग लोकांनी ऐकून कसं घेतलं?”

तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाही. लुसिटानिया बुडाली ७ मे १९१५ ला. ११९८ माणसं गेली, त्यांत १२८ अमेरिकन. तेव्हा नाही उतरले, मग जवळजवळ दोन वर्षांनी का? आणि उतरायचं ठरल्यावर एवढं सैन्य उभं केलं कसं? राजवाड्याजवळच्या दुकानांत आणि वाचनालयात मराठीत यावर फारसं काही मिळालं नाही. जाणकारांनी सांगावं.

रावपुरा_बडोदे

पहिल्या भागाचं उत्तर देतो. दुसरा माझा प्रांत नाही.

लुसिटानियानंतर विल्सननी निषेधाचे खलिते पाठवले, आणि १९१६ च्या मे महिन्यात जर्मनीनं कबूल केलं की पूर्वसूचना दिल्याशिवाय व्यापारी जहाजं बुडवणार नाही. हे वचन टिकलं म्हणून अमेरिकेची तटस्थता टिकली. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीनं ते मोडलं. त्यांचा हिशोब उघड होता: पाणबुड्यांनी ब्रिटनचं धान्य तोडायचं, पाच-सहा महिन्यांत त्यांना गुडघ्यावर आणायचं. अमेरिका चिडून उतरली तरी तिचं सैन्य येईपर्यंत सगळं आटोपलेलं असेल.

त्यातच झिमरमान तार. जर्मन परराष्ट्रमंत्र्यांनी मेक्सिकोला निरोप धाडला की अमेरिकेशी युद्ध झालं तर आमच्या बाजूनं या, टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत करू. ब्रिटिशांनी ती तार उलगडून अमेरिकेला दिली. १ मार्चला वर्तमानपत्रांत छापून आली. बनावट आहे असं अनेकांना वाटत होतं, तर दोन दिवसांनी झिमरमाननी स्वतःच ती आपली असल्याचं मान्य केलं! मार्चच्या मध्यात लागोपाठ अमेरिकन जहाजं बुडाली. त्याच आठवड्यात रशियाचा झार पायउतार झाला. ही शेवटची गोष्ट पुस्तकं विसरतात. झार दोस्तांच्या गोटात असेपर्यंत ‘लोकशाहीसाठी लढाई’ म्हणायला तोंड नव्हतं. २ एप्रिलच्या भाषणात विल्सन ते म्हणू शकले.

पैशाचाही मुद्दा आहे. तोवर अमेरिकन बाजारातून दोस्तराष्ट्रांनी २०० कोटी डॉलरहून जास्त कर्ज उचललं होतं. जर्मनीला मिळालं त्याच्या दीड टक्क्याच्या आत-बाहेर. तटस्थता कागदावर दोघांना सारखी होती, व्यापारात नव्हती. माझ्या मते खरं कारण हेच.

निवृत्त_बँकवाला (रामबाग, इंदूर)

ताई, तुमच्या विद्यार्थिनीनं बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. अमेरिका का उतरली यावर ग्रंथांचे ढीग आहेत. लोकांनी ऐकून कसं घेतलं, हे विचारणारे कमी.

रावपुराकरांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. कर्ज होतंच, पण ते १९१५ मध्येही होतं आणि १९१६ मध्येही. सावकाराला आपलं कर्ज बुडू नये असं वाटतं, पण त्यासाठी तो स्वतःचा मुलगा खंदकात पाठवतोच असं नाही. पाणबुड्यांचा निर्णय बर्लिननं घेतला नसता तर वसंतात युद्ध झालं नसतं, असं मला वाटतं.

आता ऐकून घेण्याबद्दल. पहिली गोष्ट, सगळ्यांनी ऐकलं नाही. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५०. छप्पन्न लोकप्रतिनिधींनी उभं राहून ‘नाही’ म्हटलं. संमती युद्धाच्या आधी तयार नव्हती, ती नंतर तयार केली गेली. आणि ती वॉशिंग्टनमध्ये बसून केली नाही, गल्लीगल्लीत केली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

एप्रिल १९१७ मध्ये त्यांचं कायम सैन्य सव्वा लाखाच्या आसपास. केंद्र सरकार आजच्या मानानं अगदी लहान. माणसं मोजायला, पैसा गोळा करायला, धान्य वाचवायला त्याच्याकडे कर्मचारीच नव्हते. मग सरकारनं शेजाऱ्यांना कामाला लावलं.

भरतीच बघा. मे महिन्यात सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. यादवी युद्धात श्रीमंत माणूस पैसे देऊन आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकत असे, त्यावरून १८६३ मध्ये न्यूयॉर्कला भीषण दंगल झाली होती. या वेळी बदली माणूस देण्याची सोयच काढून टाकली. ५ जूनला २१ ते ३० वयाच्या सुमारे ९६ लाख पुरुषांनी एकाच दिवशी नावं नोंदवली, आणि नोंदवली कुठे, तर जिथे ते मत द्यायला जात तिथेच. कोणाला सूट द्यायची हे लष्करी अधिकारी ठरवत नव्हते. गावातल्याच प्रतिष्ठित लोकांची मंडळं ठरवत होती, अशी साडेचार हजारांहून जास्त मंडळं. ज्यानं तुम्हाला लहानपणापासून पाहिलंय तोच समोर बसून विचारणार की घरी तुमच्यावर कोण अवलंबून आहे. सरकारशी भांडता येतं, त्याच्याशी कसं भांडणार?

प्रचार तसाच. जॉर्ज क्रील यांच्या सरकारी प्रचार समितीनं पाऊण लाख वक्ते उभे केले. सिनेमागृहात रीळ बदलायला सुमारे चार मिनिटं लागत, तेवढ्यात पडद्यापुढे उभं राहून बोलायचं आणि उतरायचं. बोलणारा गावातलाच वकील, दुकानदार किंवा मास्तर.

धान्याचं काम हर्बर्ट हूवर यांच्याकडे. घराघरांत रेशनकार्ड वाटलं नाही. बायकांकडून प्रतिज्ञापत्रावर सही घेतली आणि खिडकीत लावायला कार्ड दिलं. मंगळवारी मांस नाही, सोमवारी आणि बुधवारी गहू नाही. आपल्याकडे उपासाचे वार घरोघर पाळले जातात तसे हे वार पाळले गेले. फरक इतकाच की कोणाच्या खिडकीत कार्ड नाही हे रस्त्यावरून दिसत होतं. शेतकऱ्याला मात्र नुसती प्रतिज्ञा दिली नाही, गव्हाला बुशेलमागे (धान्याचं तिकडचं माप) २ डॉलर २० सेंटचा हमीभाव दिला. म्हणून पीक वाढलं.

आता माझा विषय, पैसा. युद्धाचा साधारण एक तृतीयांश खर्च करांतून आला, बाकी कर्जातून. आयकराचा वरचा दर १९१६ मध्ये १५ टक्के होता, १९१८ मध्ये ७७ टक्क्यांवर गेला. आणि लिबर्टी लोन, म्हणजे लोकांना रोखे विकून सरकारनं घेतलेलं युद्धकर्ज: पहिलं २०० कोटी डॉलरचं, साडेतीन टक्क्यांनी. पुढे चार वेळा अजून. एकूण २१०० कोटी डॉलरच्या घरात. सगळ्यात लहान रोखा ५० डॉलरचा. तेवढीही ऐपत नसेल तर २५ सेंटचं तिकीट घ्या, १६ तिकिटं कार्डावर चिकटवा, वर थोडे सेंट घाला आणि पाच डॉलरचं बचतपत्र घेऊन जा. शाळेतली मुलंसुद्धा घेत होती. हे तुमच्या वर्गाला जरूर सांगा. चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स असे सिनेमावाले रोखे विकायला चौकाचौकांत उभे राहिले.

पण प्रत्येक शहराला, प्रत्येक गावाला कोटा ठरलेला होता. माझी नोकरी बँकेत गेली. मार्च आला की टार्गेटचा कागद वरून खाली कसा सरकतो आणि शेवटी तो कोणाच्या दारात जाऊन थांबतो, हे मी पाहिलंय. तिथेही तेच झालं. कोणी किती घेतले याच्या याद्या झाल्या. न घेणाऱ्यांच्या घरांना पिवळा रंग फासला. मेनोनाइट पंथाचे लोक धर्मानंच युद्धाविरुद्ध, त्यांना फार सोसावं लागलं. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रागर नावाच्या जर्मन कामगाराला जमावानं फाशी दिलं आणि खटल्यात आरोपी निर्दोष सुटले. तो जमावही शेजाऱ्यांचाच होता. ज्या यंत्रणेनं एका दिवसात ९६ लाख नावं नोंदवली, तिचीच ही दुसरी बाजू आहे. मला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत आणि वर्गातही त्या वेगळ्या शिकवू नयेत असं कळकळीनं वाटतं.

कायद्याची जोड होतीच. जून १९१७ चा हेरगिरीचा कायदा, मग मे १९१८ चा राजद्रोहाचा. समाजवादी नेते युजीन डेब्स यांना एका भाषणासाठी १० वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि ९ लाखांवर मतं घेतली.

आणि हो, हेच रोखे १९२० मध्ये दर्शनी किमतीच्या ९० टक्क्यांखाली आले. मोठ्या बँका थांबू शकत होत्या. ज्याला घरात आजारपण निघालं त्यानं तोट्यात विकले.

लष्करकर_ग्वाल्हेर

काकांचं लिखाण वाचून राहवलं नाही. एक आपल्याकडचीही बाजू जोडा.

अमेरिकेत निदान मतदान झालं. हिंदुस्थानला कोणी विचारलंच नाही. ४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटननं युद्ध पुकारलं आणि आपण आपोआप युद्धात. दहा लाखांवर माणसं परदेशी गेली, सत्तर हजारांवर परत आली नाहीत. आमच्या ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी पुढाकार घेऊन ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही प्रवासी बोट विकत घेतली आणि ‘लॉयल्टी’ नावानं इस्पितळाची बोट म्हणून दिली. संस्थानांतली जमवाजमव वरून, राजाच्या इच्छेनं झाली. काका सांगतात ती खालून झाली. मुलांना हा फरक लगेच समजेल.

दुसरं, विष्णू गणेश पिंगळे. तळेगाव ढमढेरेचा मुलगा, इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेला, गदर पक्षात (ब्रिटिश राज्य उलथवू पाहणारा तिथल्या हिंदी लोकांचा पक्ष) आला. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडला गेला, १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी. याच गदरवाल्यांवर सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला, नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८. आरोप काय, तर तटस्थ अमेरिकेच्या भूमीवरून ब्रिटनविरुद्ध कट करून तिची तटस्थता भंगवली! खटला उभा राहिला तेव्हा अमेरिका स्वतःच ब्रिटनच्या बाजूनं लढत होती. जोवर तटस्थ होते तोवर ब्रिटिशांच्या तक्रारींवर एवढी हालचाल झाली नव्हती.

वर्गशिक्षिका_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, दोन शंका. एवढी माणसं नोंदवली, मग कोणाला आधी बोलवायचं हे कसं ठरलं? आणि तोफा, विमानं, जहाजं? ती तर शेजारी बनवून देऊ शकत नव्हते.

निवृत्त_बँकवाला (रामबाग, इंदूर)

ताई, दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण तिथे ही पद्धत खरोखर कमी पडली.

डिसेंबर १९१७ पर्यंत पूर्वेच्या बंदरांकडे मालगाड्यांची इतकी कोंडी झाली की सरकारला सगळी रेल्वे ताब्यात घ्यावी लागली. जानेवारीत कोळसा नाही म्हणून मिसिसिपी नदीच्या पूर्वेचे बहुतेक कारखाने पाच दिवस बंद ठेवायचा हुकूम निघाला. उद्योगांना शिस्त लागली ती मार्च १९१८ मध्ये बर्नार्ड बरूक युद्ध उद्योग मंडळावर आल्यावर, आणि तोवर युद्धाचे आठ महिने उरले होते. अमेरिकन सैनिक फ्रान्समध्ये मुख्यतः फ्रेंच तोफांनी लढले. जवळजवळ निम्मे गेले ब्रिटिश जहाजांतून. अमेरिकेनं वेळेवर दिलं ते माणसं, गहू आणि पैसा. मार्च १९१८ मध्ये फ्रान्समध्ये तीनेक लाख होते, नोव्हेंबरपर्यंत वीस लाख झाले. जर्मनीचा पाच-सहा महिन्यांचा हिशोब इथे फसला.

आता पहिली शंका. कोणाला आधी बोलवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. प्रत्येक स्थानिक मंडळानं आपल्या यादीतल्या माणसांना एकपासून क्रमांक दिले होते. २० जुलै १९१७ ला वॉशिंग्टनमध्ये काचेच्या मोठ्या भांड्यात साडेदहा हजार क्रमांक टाकले आणि युद्धमंत्री न्यूटन बेकर यांनी डोळ्यांना पट्टी बांधून पहिला काढला: २५८. देशभर ज्या ज्या मंडळाच्या यादीत २५८ वा माणूस होता, तो त्या मंडळाचा पहिला. वर्गात मुलांना क्रमांक देऊन हे करून दाखवता येईल.

त्या मुलीला आणखी एक नाव सांगा. ‘नाही’ म्हणणाऱ्या पन्नासांत जॅनेट रँकिन होत्या, मॉन्टानाच्या, अमेरिकन काँग्रेसमधल्या पहिल्या महिला. मॉन्टानात बायकांना १९१४ पासून मत होतं, साऱ्या देशात १९२० मध्ये मिळालं. पुढच्या निवडणुकीत त्यांची जागा गेली. १९४० मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या आणि पर्ल हार्बरनंतर जपानविरुद्धच्या ठरावावरही त्यांनी ‘नाही’च म्हटलं. त्या वेळी ३८८ विरुद्ध १.