क्रिटिकल म्हणजे नक्की काय?

मामांना आयसीयूत ठेवलं होतं तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "क्रिटिकल आहेत, पण स्टेबल आहेत." आम्ही दहाजण उभे होतो, निम्म्यांनी फक्त क्रिटिकल ऐकलं नि निम्म्यांनी फक्त स्टेबल. मामी खालीच बसली आणि मावशीने तिथूनच गावी फोन लावून सांगितलं की धोका टळला म्हणून. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

स्टेबल म्हणजे बीपी, नाडी, ऑक्सिजन आत्ता जिथे आहे तिथे टिकून आहे, एवढंच. धोका आहे तसाच आहे. अमेरिकेतली हॉस्पिटल असोसिएशन तर तब्येत सांगताना स्टेबल शब्द वापरूच नका म्हणते, त्यांच्याकडे गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल अशा पायऱ्या आहेत. म्हणजे सीरियस ही क्रिटिकलच्या एक पायरी अलीकडची. आपण दोन्ही एकाच अर्थाने बोलतो, आणि मराठीत "मामा सीरियस आहेत" हे आता इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणायची माझी तयारी नाही. पण रजेचा मेल इंग्रजीत लिहिताना "माय अंकल इज सीरियस" लिहू नका, त्याचा अर्थ मामा चेष्टा करत नाहीयेत असा होतो. तिथे सीरियसली इल लिहायचं.

आता क्रिटिकलचं मूळ. ग्रीकमध्ये निवाडा करणं, पारखणं या अर्थाचं क्रियापद आहे, त्यावरून क्रिसिस आला आणि क्रिटिकलही. हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या परंपरेतले लोक आजाराच्या त्या वळणाला क्रिसिस म्हणायचे जिथून रोगी एकतर सुधारतो नाहीतर दगावतो. म्हणजे क्रिटिकलमध्ये वाईट होणारच असं काही नाही, निकाल लागायचाय असं आहे. मामीला हे तेव्हा कुणी समजावून सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं.

आणि पारखणारा तो क्रिटिक, तोही याच घरातला! म्हणून क्रिटिकली इल म्हणजे अत्यवस्थ, पण क्रिटिकली अक्लेम्ड सिनेमा म्हणजे समीक्षकांनी वाखाणलेला. क्रिटिकल ऑफ आलं की कुणावर तरी टीका चाललीय, आणि क्रिटिकल टू आलं की त्या गोष्टीवाचून काम अडणार. पुढचा छोटा शब्द बघितल्याशिवाय अर्थ लावायला जाऊच नये.

अणुभट्टीचं तर अजून वेगळं. ट्रॉम्बेची अप्सरा 4 ऑगस्ट 1956 ला क्रिटिकल झाली, आशियातली पहिली अणुभट्टी, तो आनंदाचा दिवस होता. तिथे क्रिटिकल म्हणजे साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहायला लागली. 2020 च्या जुलैत गुजरातमधल्या काक्रापारची तिसरी अणुभट्टी क्रिटिकल झाल्याची बातमी आली तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंनी घाबरून विचारलं होतं, काही स्फोटबिट होणारे का.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र आपल्याच भाषेत सापडली. चिकित्सा म्हणजे वैद्याचा उपचार, आणि चिकित्सा म्हणजे एखादी गोष्ट बारकाईने तपासणं. दवाखाना आणि ग्रंथ दोन्हीकडे एकच शब्द, अगदी क्रिटिकलसारखाच! पुण्याच्या भांडारकर संस्थेने हजाराहून जास्त हस्तलिखितं ताडून महाभारताची जी आवृत्ती 1966 पर्यंत पूर्ण केली तिला इंग्रजीत क्रिटिकल एडिशन म्हणतात आणि मराठीत चिकित्सित आवृत्ती. क्रिटिकल थिंकिंगलाही चिकित्सक विचार हाच शब्द चपखल बसतो, टीकात्मक विचार म्हटलं की पोरांना वाटतं नावं ठेवायचीयेत.

पेशंटसाठी पेपरात अत्यवस्थ किंवा प्रकृती चिंताजनक लिहितात. दोन्ही बरोबर आहेत, पण त्यात ते वळण येत नाही. आमची आजी म्हणायची, "आजची रात्र काढली पाहिजे." मला विचाराल तर क्रिटिकलचं याहून नेमकं मराठी मी अजून ऐकलेलं नाही.