विषय: हाय पार्कातला रन-वॉक – मधुमेह संशोधनासाठी निधी

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेआठला आपण टोरांटोच्या हाय पार्कात जमतोय. पळणाऱ्यांसाठी पाच किलोमीटर, चालणाऱ्यांसाठी ग्रेनेडियर तळ्याच्या बाजूने अडीच. चालण्याची वाट शक्य तितके चढ टाळून आखली आहे, त्यामुळे बाबागाडी, वॉकर, व्हीलचेअर सगळं चालेल. आजी-आजोबांना नक्की आणा.

जमणारा निधी टाइप १ मधुमेहावरच्या संशोधनासाठी द्यायचा, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे. इन्सुलिन ज्या टोरांटोत सापडलं तिथे आपण राहतो, तेव्हा संख्या चांगली दिसू दे. नावं या आठवड्यात कळवा.

– कार्यवाह

प्रेषक: माजी अध्यक्ष

सस्नेह नमस्कार.

उपक्रम चांगलाच आहे, पण एक विचार मांडतो. आपल्या लोकांत घराघरात दिसतो तो टाइप २. माझे वडील त्यातच गेले, मोठ्या भावाचं डायलिसिस चालू आहे. गोड कमी केलं, रोज चाललं, वेळेवर तपासणी केली तर बरंचसं टळतं. मग मंडळाने तपासणी शिबिर घ्यावं, आहारतज्ज्ञ बोलवावा. संशोधनाला पैसा द्यायला सरकार आहे, औषध कंपन्या आहेत. आपले चार डॉलर आपल्या माणसांच्या उपयोगी पडावेत, एवढीच कळकळ.

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई

काका, नमस्कार.

शिबिराचं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं, ते व्हायलाच हवं. पण टाइप १ बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला तो आहे.

यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तरी आपल्याच कार्यक्रमांत लोक माझ्या मुलादेखत विचारतात, ‘एवढ्या लहान वयात? फार चॉकलेटं खायचा का?’ तो मान खाली घालतो. हे थांबावं असं मला फार वाटतं.

पुरणपोळीचं ताट समोर आलं की आधी पोळी केवढी, पुरण किती भरलंय, गूळ किती असेल याचा अंदाज घेऊन मी कार्बचे (कर्बोदकांचे) ग्रॅम काढते आणि आकडा त्याच्या इन्सुलिन पंपात टाकते. इन्सुलिन जेवणाच्या आधी जावं लागतं. मग अर्ध्या पोळीतच त्याचं पोट भरलं तर आत गेलेलं इन्सुलिन काही परत काढता येत नाही. रक्तातली साखर फार उतरू नये म्हणून ज्यूसचं खोकं फोडायचं आणि साखर मोजणाऱ्या सेन्सरवरचा बाण वर वळेपर्यंत त्याच्याजवळ बसायचं. रात्री अलार्म वाजला की उठायचं. याला सुट्टी नाही.

1921 च्या उन्हाळ्यात इथल्या विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. 11 जानेवारी 1922 ला टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. औषध पुरेसं शुद्ध नव्हतं, गुण आला नाही. त्यांच्याबरोबर काम करणारे बायोकेमिस्ट कॉलिप यांनी ते शुद्ध केलं आणि 23 जानेवारीला दुसऱ्यांदा दिलं तेव्हा साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून त्यांचे दिवस वाढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला दिले ते प्रत्येकी एका डॉलरला!

पण इन्सुलिनने मूल जगतं, आजार जात नाही. 2000 साली एडमंटनच्या डॉक्टरांनी दात्यांच्या स्वादुपिंडातल्या पेशी रोपून सात रुग्णांचं इन्सुलिन थांबवून दाखवलं. मात्र दाते कमी, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. म्हणून आता मूलपेशींपासून (स्टेम सेल्स) या पेशी बनवायचं काम चाललंय. अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळालेलं टेप्लिझुमॅब नावाचं औषध टाइप १ सुरू होणं काही काळ लांबवतं. एखाद्या आईला तेवढे दिवसही खूप असतात, काका. यातलं बरंच काम लोकांच्या देणग्यांवर पुढे सरकलं आहे.

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक कट्टा

ताई, पत्र दोनदा वाचलं. मुलाला आशीर्वाद.

जन्मभर फार्मसीत काढलेला माणूस म्हणून भर घालतो. टाइप २ चं कोडंही सुटलेलं नाही, त्यालाही संशोधन लागतंच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून तसा नसतो. याज्ञिकांच्या चमूने 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जन्मतःच आपली बाळं वजनाने लहान, पण त्या मानाने चरबी राखून असलेली निघाली. म्हणजे या दुखण्याची सुरुवात आईच्या पोटातही असते. नुसतं ‘गोड खाल्लं म्हणून’ असं म्हणणं टाइप २ वाल्यांवरही अन्याय आहे.

आता रविवारचं. इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर बघा, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर थांबा, 15 ग्रॅम साखर घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघा. चालून आल्यावर कित्येक तासांनी, अगदी रात्रीसुद्धा साखर उतरू शकते. नवे बूट घालून येऊ नका, आणि घरी गेल्यावर तळपाय नीट तपासा. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

प्रेषक: खजिनदार

मंडळी, काल कार्यकारिणीची फोनवर बैठक झाली. वॉकचा निधी ठरल्याप्रमाणे टाइप १ संशोधनाला. काकांचं तपासणी शिबिर 14 नोव्हेंबरच्या आसपास घेऊ. तो बँटिंग यांचा जन्मदिवस आणि जागतिक मधुमेह दिन. शिबिराची सूत्रं काकांनीच हाती घ्यावीत, अशी सगळ्यांची विनंती आहे.

आपलं मंडळ नोंदणीकृत चॅरिटी नाही, त्यामुळे करसवलतीची पावती आपल्याला देता येत नाही. देणगी थेट संस्थेच्या पानावर आपल्या टीमच्या नावाने भरा, पावती तिकडून येईल. रोख रक्कम माझ्याकडे देऊ नका.

खाण्याला कांदेपोहे, मटकीची उसळ, काकडी आणि ताक. प्रत्येक पदार्थापुढे एका वाटीतले कार्ब लिहिलेली चिठ्ठी लावणार आहोत. ताई, पोहे आणि उसळीचे आकडे शुक्रवारपर्यंत कळवाल का? वाटी कोणती धरायची तेही सांगा, त्याच मापाच्या वाट्या मी आणतो.